साहेब, तांदूळ वाढले

त्या दिवशी अंगनवाडीच्या वट्यावर कोन कोन होतं ते आदी सांगते. म्हंजे उद्या कोनी बोलायला नको, का हौसामावशी थापा मारते.

एक टॅबवाले साहेब. त्यांचं नाव सांगत नाय. मानूस चांगला हाय, आनि अजून त्यांच्या घरी लगीनकार्य असलं का मला पत्रिका येते. दुसऱ्या निर्मलाबाई, आमच्या अंगनवाडीच्या सेविका. तिसरी बुधीआये, पाड्यावरची सगळ्यात म्हातारी डोकरी. चौथा तिचा भाऊ काळूबाबा. हा एका कानानं बहिरा, आनि दुसऱ्या कानानं त्याला पायजे तेवढंच ऐकू यायचं. पाचवी बुधीआयेची सून लखमी, कडेवर तिचं तान्हं. सहावी मी. आनि लखमीची शेळी. शेळीला मोजायचं का नाय ते तुमी ठरवा, पन तिचं काम पुढं येनार हाय.

माझं माहेर मुरबाडच्या अंगाला, सासर शेणव्याच्या पुढं. शिक्षन चौथी. ती पन पुरी नाय, परीक्षेच्या दिवशी गाय व्याली. अंगनवाडीत मदतनीस म्हनून लागली आनि केस पांढरे झाल्यावर सुटली. मदतनीस म्हंजे काय ते शहरातल्या लोकांना ठावं नसतं. सेविकेच्या हातात पेन असतं, मदतनीसच्या हातात पोराचं नाक. सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, झाडलोट करायची, पानी आनायचं, खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची, आनि ज्याची त्याची ढुंगनं धुवायची. पोराचं वजन सेविका लिहिते. पन पोर उचलून काट्यात ठेवते मदतनीस. म्हनून वजन कागदावर जायच्या आदी माझ्या हाताला कळायचं.

आमी बौद्ध, खालच्या वस्तीवरचे. पाडा वर, डोंगराला लागून. पयल्या साली बुधीआये पोरांना माझ्या हातचं खाऊ देत नव्हती. दोन दिवस पोरं लांबून बघत बसली. तिसऱ्या दिवशी मी खिचडीला लसनाची फोडनी जरा जास्तच दिली, वारा कुठल्या बाजूला जातोय ते बघितलं, आनि मंग झाकन काढलं. पोरं आली. त्यांच्या मागं बुधीआये आली, पोरांना परत न्यायला. उभी राहिली, मंग बसली, मंग चाखली. बोलली, "मीठ कमी हाय." तवापासून तिची माझी दोस्ती.

आता भूक कशी येते ते मला इचारा. पेपरात बातमी येते तवा ती येऊन, बसून, हात धुवून गेलेली असते. आमच्याकडं पाऊस धो धो पडतो, म्हनून साहेब लोकांना वाटतं का इथं कसला दुष्काळ. धरनं आमच्या उशाला, पानी मुंबईच्या नळाला. आनि भाताला नुसता लय पाऊस चालत नाय, वक्तावर लागतो. भात पोटरीला आलं, म्हंजे कनीस पोटात धरलं, आनि पाऊस गेला, का शेत वरून पिवळंजर्द दिसतं, आनि झोडलं का नुसतं फोल. आत दानाच नाय. मी सांगते त्या सालात तसंच झालं.

मंग पयली जाते कोंबडी. मंग कोंबडा. मंग पाव्हने. जेवनाच्या वक्ताला कोनी कोनाच्या दारात जात नाय, कारन दारात आलेल्याला जेव बोलावं लागतं. पाड्यावर दुपारी येवढी शांतता झाली का मी समजायची. मंग मानसं उंदराची बिळं खनतात, उंदरानं चोरून नेलेल्या लोंब्या परत चोरायला. काळूबाबा बोलायचा, "उंदीर आपल्यापेक्षा शाना. त्याची कोठी भरलेली, नि वर कोनी कागद पन मागत नाय." सगळ्यात शेवटी कडूकंद. हा डोंगरातला कंद, नावासारखाच. त्याच्या चकत्या करून राखेत उकडायच्या, टोपलीत घालून वाहत्या पान्यात ठेवायच्या, तवा त्याचा कडूपना जातो. नाय गेला तर घसा असा खाजतो का मानूस आपलं नाव इसरतो.

अंगनवाडीत तर सगळ्याच्या आदी कळतं. लखमीची मोठी पोरगी तवा चार वर्षांची. एकदा जेवून उठली तर फ्रॉकातून वाफ निघत होती. मी बोलली, "काय गो, पोट तापलं का तुजं?" तिनं फ्रॉक घट्ट धरला. बोलली, "हे माजं पोट नाय. हे आयेचं पोट हाय." म्हंजे बुधीआयेचं. दुसऱ्या दिवसापासून मी तिला दोनदा वाढायची. निर्मलाबाईंना नेमकं तेवढ्यात खिडकीबाहेर काय तरी दिसायचं.

मदत येत नाय असं मी बोलनार नाय. मदत येते. पन ती जावयासारखी येते. तिला पायजे तवा, आनि तिला वाटेल ते घेऊन. एका सालात आमच्या भात खानाऱ्या पाड्यावर गहू आला. पाड्यावर जातं एकच, ते पन नाचनीपुरतं. चक्की शेणव्याला, आनि तिथं लाइट गेलेली. लोकांनी गहू भातासारखा शिजवला. दुपारपर्यंत शिजेना, संध्याकाळी तसाच खाल्ला, आनि दुसऱ्या दिवशी पाड्यावरचं एक मानूस घरात सापडलं नाय, सगळे झाडीत. हसायचं तर हसा. आमी पन हसलो होतो, जरा बरं वाटल्यावर.

दुसऱ्या एका सालात पाकिटं आली. गोड पीठ, पान्यात कालवून पोरांना द्यायचं. पोरांनी एक घास घेतला आनि माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी त्यांना भर बाजारात इकलं. ती पाकिटं मंग लखमीची शेळी खायला लागली. एक मोठे साहेब तपासनीला आले. इचारतात, "मुलं आवडीने खातात ना?"

मी बोलली, "लखमीच्या घरातलं धाकटं तर लय आवडीनं खातं."

"वजन वाढलं?"

"चांगलं वाढलं साहेब. शिंगं पन आली."

निर्मलाबाईंना ठसका लागला. साहेब लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाय. लिहिलं का काय ते मला ठावं नाय, पन शिंगांची चौकशी करायला कोनी आलं नाय.

आता त्या दिवसाची गोष्ट. पन त्याच्या आदी एक शब्द समजून घ्या. मला तो त्या दिवशी समजला असता तर ही गोष्टच झाली नसती.

आमच्याकडं घरातले तांदूळ संपले असं बाईमानूस बोलत नाय. तांदळाला कान असतात. संपले बोललं का तो ऐकतो, रुसतो, आनि परत येत नाय. म्हनून बोलायचं, तांदूळ वाढले. तेल वाढलं. तुमच्याकडं बांगडी फुटत नाय, वाढते, आनि दिवा इझवत नाय, वाढवतात, तसंच. माझ्या माहेरी हेच, सासरी हेच, वर पाड्यावर पन हेच. आमी शकुन-अपशकुन मानत नाय. विहारात मी सोता उभी राहून चार बायांसमोर तसं बोलली हाय. पन जीभ त्या दिवशी घरीच राहिली असंल.

तर होळी जवळ आलेली. साहेब जीप खाली ठेवून पायी चढून आले. दुष्काळाचा सर्वे. टॅब काढला, घाम पुसला आनि वाचलं, "मागील तीन महिन्यांत आपल्या कुटुंबाच्या धान्यसाठ्यात काय बदल झाला?"

काळूबाबा बोलला, "ह्याला कोन पायजे?"

मी बोलली, "बाबा, तांदूळ कसे हाईत इचारतात."

बुधीआयेनं पदर तोंडाला लावला. हळूच बोलली, "वाढले."

साहेबांचा चेहरा उजळला. "वाढले? वा!"

लखमी बोलली, "आमचे तर संक्रांतीलाच वाढले."

"संक्रांतीलाच! आणि डाळ?"

"डाळ त्याच्या पन आदी."

"तेल?"

तेल काळूबाबाला बरोबर ऐकू आलं. "तेल कवाचंच वाढलं रे बाबा. बाटली उलटी करून ठेवलीय."

साहेब बोलले, "छान, छान." आनि टॅबावर टिचकी मारली. निर्मलाबाईंचं डोकं वजनाच्या रजिस्टरात. मला वाटलं, शहरात दुःखाला छान बोलत असतील. त्यांची रीत त्यांच्याजवळ.

मंग ते माझ्याकडं वळले. "मावशी, तुम्ही घरोघर फिरता. बाकीच्या घरांचं काय? नाहीतर मला सगळीकडे चढून जावं लागेल."

ऊन तापलं होतं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला दया आली, आनि त्या दयेनंच घात केला. मी बोलली, "कशाला फिरता साहेब. लिहा, सगळ्यांचे तांदूळ वाढले. एक घर सुटलं नाय."

"नक्की?"

"माझं नाव घाला."

त्यांनी घातलं.

साहेबांना दोष देऊ नका. ते फ्लॅटात वाढलेले. त्यांच्या घरी तांदूळ कधी आमच्यासारखे वाढलेच नव्हते, म्हनून तो शब्द पन त्यांच्याजवळ नव्हता. जाताना हात जोडून बोलले, "तुमचा पाडा आदर्श आहे." बुधीआये बोलली, "तुमचं भलं होवो. लवकर पाठवा." साहेब बोलले, "काय?" काळूबाबा बोलला, "हो हो." तेवढ्यात शेळीनं साहेबांच्या पिशवीचा बंद खाल्ला. सर्वे झाला.

मंग आमी वाट बघत बसलो. समोरच्या पाड्यावर धान्याचा टेम्पो चढला. त्याच्या पुढच्या पाड्यावर चढला. आमी बाया आमच्या फाट्याला जाऊन बसलो. टेम्पो आला. ड्रायव्हरनं हात केला, आमी हात केला, टेम्पो गेला.

निर्मलाबाईंनी खाली जाऊन यादी आनली, मोबाइलात. वट्यावर उभ्या राहून वाचली. आमच्या पाड्यासमोर लिहिलेलं, "साठ्यात वाढ. मदतीची गरज नाही."

पयली हसली बुधीआये. "म्हंजे आपन श्रीमंत झालो गो!"

काळूबाबा बोलला, "कवा?"

सगळे हसले. मी पन हसली. लखमी हसली नाय.

तिच्या घरात आढ्याला बियाचा मुडा टांगलेला होता. मुडा म्हंजे पेंढ्यात गच्च बांधून ठेवलेलं पेरायचं भात. लाल भात, बुधीआयेला तिच्या आयेनं दिलेलं बी, बाजारात मिळत नाय. घरात दाना म्हनून तेवढाच. लखमीचा नवरा चंदर कल्यानच्या बाजूला वीटभट्टीवर, तो येनार पाऊस तोंडावर आल्यावर. लखमी वर बघत बोलली, "मी उद्या मुडा सोडते."

बुधीआये बोलली, "आदी मला पुर, मंग सोड."

"आये, पोरं काय खातील?"

"कडूकंद खातील. मी खाल्ला. मेली का?"

"तू खाल्लास तवा ओढा वाहत होता. आता कंद धुवू कशात? तुज्या डोळ्याच्या पान्यात?"

भायेरच्या लोकांना हे ठावं नसतं. उपासाचा कंद खायजोगा करायला पन पानी लागतं, आनि पानी नाय म्हनून तर उपास.

मी दारात उभी होती. बी खाल्लं का पुढच्या सालाला शेत नाय, आनि शेत नाय का हे घर कायमचं भट्टीवर. त्या मुड्याची दोरी माझ्या एका शब्दानं सुटनार होती. मी लखमीला बोलली, "मला चार दिवस दे."

ती बोलली, "मावशी, चार दिवस काय माझ्याजवळ शिल्लक हाईत?"

पन दिले.

निर्मलाबाई आनि मी एस्टीनं शहापूरला गेलो. हापिसात मोठ्या टेबलामागं एक मॅडम, शेजारी आपले टॅबवाले साहेब. मी बोलली, "मॅडम, आमच्या पाड्याचं चुकलंय."

मॅडमनी कागद काढला. "कुठं चुकलंय? हे बघा. उत्तर देणाऱ्या हौसाबाई. तुम्हीच ना?"

"मीच."

"तांदूळ वाढले असं तुम्ही सांगितलं?"

"सांगितलं."

"मग वाढलेत ना?"

"वाढलेच मॅडम. म्हनून तर आली."

"वाढलेत तर मदत कशाला?"

"नसते वाढले तर कशाला आली असती?"

मॅडम साहेबांकडं बघतात. साहेब पंख्याकडं बघतात. निर्मलाबाई मधी बोलल्या, "मॅडम, धान्य संपलंय सगळ्यांचं. मावशींच्या बोलण्याचा अर्थ..."

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम एका कानानं फोन ऐकत बोलल्या, "बाई, तुम्ही म्हणता संपलं, ह्या म्हणतात वाढलं. मी कोणाचं लिहू? फेरतपासणी लावते. पुढच्या महिन्यात."

निर्मलाबाईंनी मला टेबलाखालून चिमटा काढला. "मावशी, सांगा ना सरळ." मी तोंड उघडलं. "सं" पर्यंत आला शब्द. आनि डोळ्यासमोर आला लखमीचा मुडा. आतापर्यंत माझ्या जिभेनं एवढं केलं, आता हा पन शब्द तिच्यावरनं गेला आनि खरंच ते बी गेलं तर? मानत नाय मी. पन नाय निघाला शब्द. त्याच्या जागी दुसरंच निघालं.

"मॅडम, परवा तुमी आनि साहेब आमच्याकडं जेवायला या."

"जेवायला?"

"येवढे तांदूळ वाढलेत. खानार कोन?"

मॅडम पयल्यांदा हसल्या. साहेब बोलले, "जाऊया मॅडम, तपासणीपण होईल." सकाळपासून त्यांनी चहा पन घेतला नसावा.

परत येताना एस्टीत निर्मलाबाई बोलल्या, "मावशी, डोकं फिरलंय काय तुमचं? पाव्हन्यांना वाढनार काय?"

"तेच. वाढनार."

परवा आला. वट्यावर पळसाच्या पत्रावळ्या मांडल्या. मॅडम बसल्या, साहेब बसले, जोडीला काळूबाबाला बसवलं, शोभेला. मी अंगनवाडीचा मोठा टोप घेऊन आली, झाकन लावून, पदर खोचून. पळी आत घातली, मॅडमच्या पत्रावळीवर उलटी केली.

"वाढलं हां मॅडम."

पुढं सरकली. "वाढलं हां साहेब. अजून वाढू?"

साहेब बोलले, "मावशी, पान रिकामं आहे."

"रिकामं कसं? तुमच्या टॅबात बघा."

काळूबाबाला आमी काय सांगितलं नव्हतं. तो आपल्या मनानंच पाव्हन्यांना बोलला, "सावकाश जेवा. लाजू नका. आमच्याकडं लय वाढलंय."

साहेब हसले. मंग अर्ध्यात थांबले. मॅडम पत्रावळीकडं बघत होत्या. बघता बघता त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगं आई गं," त्या बोलल्या. "वाढलं. माझी आई म्हणायची. मीठ वाढलंय, जा, दुकानातून घेऊन ये."

साहेब बोलले, "म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे संपलं, हो! सगळ्यांचं सगळं संपलंय. आणि आपण लिहिलंय साठ्यात वाढ."

बोलल्या एकदाच्या. तो शब्द मॅडमच्या तोंडून निघाला. आता अपशकुन व्हायचाच असंल तर तालुक्याला होईल, असं मला वाटलं. मी निर्मलाबाईंना डोळा मारला.

इथवर माझी मस्करी. ती झाली, मी टोप खाली ठेवला. पन बुधीआये उठली. घरातून टोपली घेऊन आली, आनि दोघांच्या पत्रावळीवर उकडलेल्या कडूकंदाच्या चकत्या ठेवल्या.

मी बोलली, "आये, हे नको."

ती बोलली, "पानावर बसलेलं मानूस उपाशी उठवायचं? तुजी मस्करी तुज्याजवळ ठेव."

साहेबांनी एक चकती तोंडात घातली. थांबले. डोळ्यात टचकन पानी. लखमी बोलली, "धुवायला पानी नव्हतं साहेब. दोन हंड्यात जेवढा कडूपना गेला तेवढा गेला."

"रोज हेच खाता?"

"ज्या दिवशी मिळतो त्या दिवशी."

साहेबांनी पान पुरं केलं. मॅडमनी पन केलं. दोघांचे घसे खाजत होते, बोलता येत नव्हतं. आमच्या पाड्यावर साहेब लोक येवढा वेळ गप बसलेले मी पयल्यांदा बघितले.

मंग मॅडम उठून लखमीच्या घरात गेल्या. कनगीत हात घातला, डबे बघितले. सगळं साफ. वर मुडा होता. मी मान वर केली. मुडा जरा बारीक दिसत होता, आनि गाठ उजवीकडची होती. मुडा बांधलेला बुधीआयेनं, आनि ती डावरी. तिची गाठ डावीकडची.

आदल्या दिवशी तान्ह्याला ताप भरला होता. तापातल्या पोराला कडूकंद कोन देनार? लखमीनं मुडा सैल केला, शेरभर भात काढलं, कांडलं, पेज केली, आनि परत बांधून ठेवला. चार दिवस मी मागितले होते. तिनं तीन दिले. चौथा तिच्याजवळ खरंच नव्हता.

बुधीआयेनं पन गाठ बघितली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. तिनं तान्ह्याच्या कपाळाला हात लावला, ताप उतरलाय का बघितलं, आनि भायेर गेली.

तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. ह्या वेळी ड्रायव्हरनं हात केला नाय, ब्रेक मारला. आत तांदूळ होते, गहू नाय. आनि मागनं पान्याचा टँकर. काळूबाबा बोलला, "बघा, मी बोललो नव्हतो? लय वाढलंय."

पाऊस आला, चंदर आला, लखमीनं राब पेरला. राब म्हंजे रोपं करायला भाजून ठेवलेली जागा. शेरभर बी कमी पडलं, एक कोपरा मोकळा राहिला. येता-जाता मला तो दिसायचा. हापिसातलं कोनी मला काय बोललं नाय, पाड्यावरचं पन नाय. पन सातबारा कोनाचा पन असू दे, तो कोपरा माझा होता. मी त्या वाटेनं जायची सोडली, लांबून जायची.

लखमीला ते कळलं. तिनं त्या कोपऱ्यात काकडी लावली. श्रावनात एक दिवस पयली काकडी घेऊन माझ्या दारात उभी. "घे मावशी. तुज्या चुकीला काकड्या लागल्या." मी तिच्यासमोर खाल्ली. देठाकडं जरा कडू होती. मी देठ पन सोडला नाय. तिला पन ठावं होतं. तवापासून दर सालाला मला पयली काकडी येते.

पुढच्या साली साहेब होळीला नाय, भातं झोडायच्या वक्तालाच आले. टॅब पिशवीत, पिशवी उंच खुंटीला, शेळी पोचनार नाय अशी. चुलीजवळ बसले. पयलं इचारलं, "काल काय शिजलं होतं?" दुसरं इचारलं, "कोंबड्या किती राहिल्या?" आनि कोनी वाढलं बोललं का लगेच बोट वर करायचे, "थांबा. तुमचं वाढलं का आमचं वाढलं?"

बुधीआये गेल्या साली गेली. जायच्या आदी आठ दिवस तिनं लखमीला इचारलं होतं, "तांदूळ किती हाईत गो?"

लखमी बोलली, "भरपूर हाईत आये."

"भरपूर बोलू नको. नजर लागंल."

"मंग काय बोलू?"

"हाईत बोल. गप हाईत बोल."

वाचनाऱ्यांत कोन साहेब, मॅडम असाल, नायतर कोनाचा भाऊ, कोनाची सून त्या हापिसात असंल, तर माझं एकच मागनं हाय. भात फोल निघालं का तवाच या, मुड्याची गाठ सुटायची वाट बघू नका. आनि धान्य किती ते मागाहून इचारा, आदी इचारा, काल चुलीवर काय होतं. तुमच्या फॉर्मात त्याला जागा नाय, मी बघितलंय. तेवढा एक रकाना वाढवा.

आमचं वाढवा नाय हां. तुमचं वाढवा.